यादवीच्या काळातील गडावरचा शिपाई

आपल्या न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली, तेव्हा प्रथम आम्ही संकोचलो. आम्ही शाळामास्तर, संशोधक नव्हे. परंतु गेल्या हिवाळ्यात एका विद्यार्थ्याने आम्हांस एक प्रश्न विचारला होता आणि त्याचे उत्तर आम्हांला त्या वेळी नीट देता आले नव्हते. ते राहिलेले उत्तर द्यावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

शाळेची सहल रायसेनच्या किल्ल्यावर गेली होती. आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिला आहे. भोपाळच्या पूर्वेस सुमारे ४५ किलोमीटरवर वालुकाश्माच्या टेकडीवर तो उभा आहे. वर पाण्याची टाकी आहेत, तलाव आहेत, दर्गाही आहे आणि शिवालयही आहे. १५३२ मध्ये गुजरातच्या बहादुरशाहाने आणि १५४३ मध्ये शेरशाहाने हा गड घेतला. आम्ही मुलांना तटावर उभे करून हे सारे सांगितले. आमचे सांगणे संपल्यावर आठवीतला एक मुलगा म्हणाला, "सर, राजांचे झाले. पण इथे जो साधा शिपाई असे, तो दिवसभर करी काय? आणि दोन राजे आपसांतच लढू लागले, तर त्याने कोणाचे ऐकायचे?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही कसेबसे दिले. दुसऱ्याला "घरी जाऊन वाचून सांगतो" म्हणालो. त्या वाचनातून जे हाती आले ते पुढे देत आहो. त्यासाठी आपणांस रायसेनहून साताऱ्यास जावे लागेल. पण वाटेत एक थांबा आपल्या अगदी उंबरठ्याशी आहे.

दोराह्याहून निघालेला तंटा

भोपाळच्या वायव्येस, सीहोर जिल्ह्यात, दोराहा नावाचे गाव आहे. १७३८ च्या जानेवारीत भोपाळच्या वेढ्यानंतर पहिला बाजीराव व निजाम ह्यांच्यात जो तह झाला, तो ह्याच दोराह्याच्या सराईत. त्यामुळे गावाचे नाव कोणी कोणी ऐकले असेल. परंतु त्याच्या एकतीस वर्षे आधी, १७०७ च्या मे महिन्यात, तेथे आणखी एक गोष्ट घडली होती. औरंगजेब त्याच वर्षी ३ मार्चला अहमदनगरजवळ वारला होता. त्याचा मुलगा आझमशाह गादीसाठी आग्र्याकडे धावत निघाला होता. त्याच्या छावणीत संभाजी महाराजांचा मुलगा शाहू कैदेत होता. दोराह्याच्या मुक्कामाहून शाहू सुटला आणि मूठभर लोक बरोबर घेऊन दक्षिणेकडे वळला.

१६८९ मध्ये रायगड पडला, तेव्हा शाहू सात वर्षांचा होता. सुटला तेव्हा त्याला पंचविसावे वर्ष पुरे होत होते. त्याची आई येसूबाई मात्र मोगलांच्या ताब्यातच ओलीस राहिली. ती मुलाच्या दृष्टीस पडली ती १७१९ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

इकडे महाराष्ट्रात काय होते? राजाराम महाराज १७०० मध्ये सिंहगडावर वारले. त्यांची राणी ताराबाई हिने आपल्या लहान मुलाला, शिवाजीला, गादीवर बसवून सात वर्षे औरंगजेबाशी झुंज दिली. गड गेले तर परत घेतले. राज्य टिकले ते तिच्या हिमतीने, हे कोणीही नाकारू शकत नाही. आणि आता नेमका शत्रू मेल्यावर उत्तरेकडून एक तरुण येतो व म्हणतो, "मी थोरल्या घरचा वारस, गादी माझी." ताराबाईचे म्हणणे असे की, राज्य संभाजीराजांच्या हातून गेले होते, जे नवे उभे राहिले ते माझ्या पतीने व मी उभे केले. शिवाय हा आलेला शाहू खरा नव्हेच, तोतया आहे, असेही तिच्या बाजूने बोलले गेले. तिने आपल्या सरदारांना दूधभातावर शपथ घ्यायला लावली.

ही झाली यादवी. दोन्ही बाजूंचा झेंडा भगवा, दोन्ही बाजूंची भाषा मराठी, दोन्ही बाजूंची आण थोरल्या महाराजांचीच. ह्यापूर्वी शिपायाला शत्रू ओळखण्याची अडचण पडत नसे. आता ती पडू लागली.

गडावरची माणसे

आता आपण गड चढू. मराठी गडाचा कारभार कसा चाले, हे सांगणारी दोन मोठी साधने आहेत. एक कृष्णाजी अनंत सभासदाची बखर आणि दुसरे रामचंद्रपंत अमात्याचे आज्ञापत्र. हे आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचे, कोल्हापूरच्या गादीवरून निघालेले. म्हणजे ऐन यादवीतलेच. त्यात दुर्गांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. ते लिहिणाऱ्या माणसाने औरंगजेबाच्या फौजा गडांवर आदळताना डोळ्यांनी पाहिल्या होत्या. त्यामुळे त्यात पोकळ उपदेश नाही. पाणी, धान्य, दारू, गवत, उंदीर, वाळवी ह्यांच्या गोष्टी आहेत.

गडावर एकट्याची सत्ता नसे. हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन मुख्य अधिकारी असत. हवालदाराकडे गडाची मुखत्यारी व दरवाजाच्या किल्ल्या; सरनोबताकडे लोकांची नेमणूक व पहारे; सबनिसाकडे हजेरी आणि हिशेब. कोठाराची जबाबदारी कारखानिसाकडे. हे लोक मुद्दाम वेगवेगळ्या जातींचे नेमीत, म्हणजे सर्वांनी मिळून फितूर होणे कठीण जावे. आज्ञापत्रात तर त्यांच्या बदल्यांचा क्रमही लावून दिला आहे: हवालदाराची तीन वर्षांनी, सरनोबताची चार वर्षांनी, सबनीस-कारखानिसाची पाच वर्षांनी. सगळे एकदम बदलले तर गडाची माहिती असणारा कोणी उरत नाही, आणि कोणीच बदलला नाही तर गड त्यांच्या घरचा होऊन बसतो. मुदती वेगवेगळ्या ठेवण्यात हा विचार दिसतो.

ह्या अधिकाऱ्यांखाली आपला शिपाई. नऊ शिपाई आणि दहावा त्यांचा नाईक, अशी टोळी असे. कोणी बंदूकवाला, कोणी भालाईत, कोणी तिरंदाज, कोणी ढाल-तलवारीचा. मोठ्या गडावर तटाचे भाग पाडून प्रत्येक भागावर तटसरनोबत असे. गडाच्या घेऱ्यात, म्हणजे पायथ्याच्या रानात, रामोशी, महार, मांग, बेरड ह्यांच्या चौक्या असत. गडाला पहिली खबर तेच देत. इतिहासाच्या पुस्तकात त्यांची नावे सापडत नाहीत; पण त्यांचे डोळे उघडे असत म्हणून वरचे लोक झोपू शकत.

नोकरीस लागताना शिपायाला जामीन द्यावा लागे. कोणीतरी गावकरी किंवा नातलग त्याच्यासाठी उभा राही. गडावर जाणारा माणूस एकटा जात नसे. त्याच्या मागे त्याचे घर व गाव बांधलेले असे. ह्याचा अर्थ पुढे कळेल.

दिवस कसा जाई

चित्रपट पाहून आपली अशी समजूत होते की, गडावरचा शिपाई रोज लढत असे. वस्तुतः त्याच्या नोकरीतला फार थोडा काळ लढण्यात जाई. बाकी सारा काळ राखण्यात जाई आणि राखण म्हणजे मेहनत.

सूर्य मावळला की हवालदाराने जातीने दरवाजे बंद करावयाचे, कुलपे पाहावयाची आणि किल्ल्या आपल्यापाशी ठेवावयाच्या. सूर्य उगवल्यावर उघडावयाचे. रात्री तटावर चौकी-पहारा व गस्त. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यात ढग तटावरच उतरतात. चार हातांवरचा माणूस दिसत नाही. अंगावर घोंगडी, डोक्यावर इरले, पायांखाली शेवाळ आणि कानाशी वारा. अशा रात्री पहारेकरी डोळ्यांनी नव्हे, कानांनी पहारा करतो.

दिवसा कामे वाटलेली असत. सर्वांत पहिले काम पाण्याचे. आज्ञापत्र म्हणते की, जागेवर आधी पाणी पाहावे व मगच किल्ला बांधावा. झरा असला तरी एकावर विसंबू नये, खडक फोडून टाकी करावीत, कारण युद्धाच्या दिवसांत तोफांच्या हादऱ्यांनी झरा आटू शकतो. राखीव टाक्याचे पाणी एरवी वापरावयाचे नाही. साताऱ्याच्या गडावर, ज्याला आपण अजिंक्यतारा म्हणतो, आजही जुनी तळी दिसतात. ती उपसणे, गाळ काढणे, पाण्याचा उपद्रव होणार नाही असे पाहणे हे शिपायाचेच काम.

दुसरे काम कोठाराचे. धान्याला आग, उंदीर, किडे, वाळवी ह्यांपासून जपावयाचे. जमीन दगडांनी फरसबंद करावयाची. तिसरे दारूखान्याचे. तो घरांपासून दूर असावयाचा. दारू मडक्यांत भरून ठेवलेली. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने समक्ष येऊन माल बाहेर काढवावयाचा, उन्हात वाळवावयाचा व पुन्हा मोहरबंद करून ठेवावयाचा. कोकणच्या बाजूची दमट हवा ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना ह्या नियमाचे मोल समजेल. ओली दारू असलेला गड आणि दारू नसलेला गड ह्यांत अंतर नाही.

पाऊस संपला की आणखी एक मोठे काम निघे. तटाच्या फटींतून झाडे उगवतात व त्यांची मुळे भिंत फोडतात. तटाखाली कमरेएवढे गवत माजते, त्यात शत्रू लपू शकतो. ती झाडे तोडावयाची, गवत जाळून काढावयाचे. ह्या कामाला गड नाहाणणे असा फार गोड शब्द आहे. घरातल्या मुलाला सणाला न्हाऊ घालावे, तसा वर्षातून एकदा गड न्हाऊ घालीत.

केरकचऱ्याचाही नियम होता. रस्त्यात, बाजारात, तटाशी केर पडू द्यावयाचा नाही. तो गडाखालीही लोटून द्यावयाचा नाही. जागच्या जागी जाळावयाचा आणि त्याची राख परसात टाकून तेथे भाजी लावावयाची. आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ, लिंबू अशी झाडे गडावर लावून वाढवावयाची. प्रसंगी त्यांचेच लाकूड उपयोगी पडावयाचे. नगरपालिकांनी आज वाचावे असे हे प्रकरण आहे.

बाहेरच्या माणसापासून सावध राहणे हे मात्र सर्वांत अवघड काम, कारण कंटाळलेल्या माणसाला पाहुणा आवडतो. साताऱ्याचीच गोष्ट घ्या. १७०० मध्ये औरंगजेबाने हा गड चार महिन्यांच्या वेढ्यानंतर घेतला. हवालदार प्रयागजी प्रभू ह्याने तो शर्थीने लढविला. मोगलांनी लावलेल्या सुरुंगांपैकी एक उलटा फुटून त्यांचीच माणसे मोठ्या संख्येने मेली. तरी शेवटी, राजाराम महाराजांच्या मृत्यूनंतर, गड द्यावा लागला. पुढे १७०६ च्या सुमारास तो मराठ्यांनी परत घेतला, तो तोफांनी नव्हे. अण्णाजीपंत नावाचा ब्राह्मण भिक्षुकाच्या वेषाने मोगल शिबंदीत मिसळला. गाणी म्हणावी, गोष्टी सांगाव्या, लोकांना हसवावे. लोकांनी त्याला गडावर राहू दिले. एके दिवशी त्याने मावळे आत घेतले आणि ती शिबंदी कापली गेली. त्या शिबंदीतही कोणी आईचा एकुलता एक असेलच. असो.

तटावरून दिसलेली लढाई

आता १७०७ चे शेवटचे महिने. अजिंक्यताऱ्याच्या तटावर आपला शिपाई उभा आहे. गडावर अंमल शेख मिरा ह्याचा. हा वाईचा मुसलमान सरदार. ताराबाईच्या बाजूने गड राखीत होता. मराठी राज्यात ह्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. थोरल्या महाराजांच्या पायदळाचा पहिला सरनोबत नूरखान बेग होता, आरमारात दौलतखान होता. पुढे १८१२-१३ मध्ये नागपूरकर भोसल्यांची फौज आपल्या भोपाळवर चालून आली, तिचा सेनापतीही सादिक अली म्हणून मुसलमानच. आणि गावात तटावर लढणारे वजीर मुहम्मद खानही मुसलमान. कोण कोणाच्या बाजूने उभा राहिला, हे त्या काळी चाकरीवर, वतनावर, शब्दावर ठरे.

गडावर बातम्या येत होत्या. ऑक्टोबरात भीमेकाठी खेड येथे शाहूची व ताराबाईच्या फौजेची गाठ पडली. ताराबाईचे सेनापती धनाजी जाधव आणि परशुरामपंत प्रतिनिधी. त्यांत धनाजीची खात्री पटली की, आलेला शाहू खरा आहे. तो लढला नाही, शाहूला मिळाला. दूधभातावरची शपथ मोडली. परशुरामपंत एकटे पडले आणि मागे हटत साताऱ्याच्या गडावर येऊन बसले.

मग अजिंक्यताऱ्यावरून स्वच्छ दिवशी समोर दिसणारे चंदन-वंदन हे जोडकिल्ले शाहूने घेतले. शिपायाच्या मनात काय आले असेल, ह्याची कल्पना करावी. कालपर्यंत ज्या गडावर आपलेच भाऊबंद होते तेथे आज दुसऱ्या छत्रपतीचा अंमल. आणि तेथेही आपलेच भाऊबंद. झेंड्याचा रंग तोच.

शाहूने गड मागितला. परशुरामपंतांनी नाही म्हटले. वेढा पडला. मोगलांना चार महिने रखडविणारा हा गड बळाने घेणे सोपे नव्हते. तेव्हा शाहूने दुसरा उपाय केला. शेख मिराची बायकामुले वाईस होती. ती धरून आणविली आणि गडावर निरोप गेला की, गड खाली करून न दिल्यास त्यांना तोफेच्या तोंडी देऊ.

शेख मिराने परशुरामपंतांना कैद केले आणि गड शाहूच्या स्वाधीन केला. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास शाहूला राज्याभिषेक झाला. चाळीसहून अधिक वर्षे, १७४९ पर्यंत, त्याने राज्य केले.

"मग तो फितूर ना, सर?"

वाचून झाल्यावर आम्ही ही हकीकत वर्गात सांगितली. त्याच मुलाने विचारले, "मग तो शेख मिरा फितूर ना, सर?" मागच्या बाकावरून कोणी हळूच काही म्हणाले आणि दोघेतिघे हसले. काय म्हणाले ते आम्हांस ऐकू आले नाही, पण समजले. वीस वर्षे मास्तरकी केल्यावर एवढे समजते. आम्ही स्वतः मुसलमान. आमच्या आजोबांचे घर सातारा जिल्ह्यातले. ते नागपुरास सरकारी नोकरीत होते आणि १९५६ मध्ये राजधानी भोपाळला आली तेव्हा फायलींच्या पेट्यांबरोबर इकडे आले. आमच्या घरात दादी चुलीपाशी दख्खनीत आणि अंगणात मराठीत बोलत असे. तेव्हा हा प्रश्न आम्हांला परका नव्हता. रागावणे सोपे होते. आम्ही फळ्यावर चार नावे लिहिली.

पहिले नाव धनाजी जाधव. शपथ घेऊन ती मोडली. पण वारस खरा आहे अशी खात्री पटल्यावर मोडली. दुसरे परशुरामपंत प्रतिनिधी. शब्द राखला व कैद भोगली. परंतु पुढे त्यांचा एक मुलगा श्रीपतराव साताऱ्यास शाहूचा प्रतिनिधी झाला आणि दुसरा मुलगा कृष्णाजी कोल्हापूरकडे विशाळगडाचा प्रतिनिधी झाला. एका बापाची दोन मुले दोन गाद्यांची चाकर. तिसरे रामचंद्रपंत अमात्य. ताराबाईबरोबर राहिले, पण १७१४ मध्ये पन्हाळ्यावर राजसबाईने सत्तापालट घडवून आपल्या मुलाला, संभाजीला, गादीवर बसविले, तेव्हा अमात्य नव्या गादीचा कारभार पाहू लागले, आणि ताराबाई व तिचा मुलगा गडावरच कैदेत पडले. चौथे नाव शेख मिरा. ह्याने ना वतनासाठी गड दिला, ना पैशासाठी; बायकामुलांच्या जिवासाठी दिला.

आम्ही मुलांना म्हटले, ह्या चौघांत फितूर कोण, ते आता तुम्ही ठरवा. मात्र चौघांना एकच माप लावा. वर्ग बराच वेळ गप्प होता. मग एक मुलगी म्हणाली, "सर, चूक तर शाहूची. त्यांची आई स्वतः कैदेत होती ना?"

आमच्या मते त्या तासातले सर्वांत शहाणे वाक्य हेच. ज्याचे सारे बालपण शत्रूच्या छावणीत गेले, ज्याची आई त्या क्षणीही ओलीस होती, त्यानेच दुसऱ्याची मुले ओलीस धरली. शाहू स्वभावाने क्रूर नव्हता. इतिहास त्याला सौम्य व क्षमाशील राजा म्हणूनच ओळखतो. त्याने ती धमकी खरी केली असती की नाही, हे पाहण्याची वेळ आली नाही. पण धमकी दिली गेली. यादवीत हेच घडते. परक्याशी लढताना त्याचे घर कोठे, हे आपल्याला ठाऊक नसते. घरच्याशी लढताना मात्र कोणाची मुले कोणत्या गावी, कोणत्या गल्लीत राहतात, हे नेमके माहीत असते. नोकरीस लागताना दिलेला जामीन, गावची ओळख, नातीगोती हे सारे, ज्यावर विश्वास उभा होता, तेच हत्यार बनते.

आणि साध्या शिपायाचे काय? शेख मिराचे नाव राहिले. त्याचे घराणे वाईस जहागीरदार म्हणून नांदले. १८१९ मध्ये इंग्रजांनी सातारच्या प्रतापसिंह महाराजांशी तह केला, त्यात ज्या जहागीरदारांचे हक्क राखले, त्यांत प्रतिनिधी, सचिव, अक्कलकोटकर, डफळे, फलटणचे निंबाळकर ह्यांच्या बरोबरीने वाईचे शेख मिराही होते. तटावरच्या शिपायाला मात्र कोणी विचारले नाही. एका रात्री तो ताराबाईंचा शिपाई म्हणून पहाऱ्यावर चढला आणि गड स्वाधीन झाल्यावर शाहूमहाराजांचा शिपाई म्हणून खाली उतरला. टाक्यातले पाणी तेच, कोठारातली नाचणी तीच, घोंगडीही तीच. त्याचा जीव वाचला, एवढे खरे. गड लढला असता, तर चार महिने मोगलांशी लढला तसाच लढला असता; आणि दोन्हीकडून मेले असते ते एकाच मुलखातले, कदाचित एकाच गावचे लोक. यादवी पुढे १७३१ च्या वारणेच्या तहाने मिटली. सातारा व कोल्हापूर अशी दोन राज्ये कायम झाली. चोवीस वर्षांच्या भांडणाचा निकाल असा की, दोघांनीही आपापल्या जागी राहावे. हे १७०७ मध्येच ठरते, तर किती घरे वाचती!

आपल्याकरिता ह्यात काय?

त्या आठवीतल्या मुलाचे उत्तर आमच्याकडून असे आहे. साधा शिपाई दिवसभर काय करी? तो पाणी राखी, धान्य वाळवी, गवत कापी, कुलूप पाही. दोन राजे लढले तर त्याने कोणाचे ऐकायचे? ह्याला पुस्तकात उत्तर नाही. ज्याचे अन्न खाल्ले त्याचे ऐकावे, असे म्हणावे तर मुले तोफेपुढे उभी राहतात. मुलांचे ऐकावे, तर शब्द जातो. अशा वेळी जो काही करील त्याला आपण सुरक्षित बाकावर बसून नाव ठेवू नये, एवढेच आम्ही शिकलो. आणि दुसरे हे की, तशी वेळ शिपायावर येऊच नये, ही जबाबदारी वरच्यांची असते.

आपला न्यास म्हणजे काही गड नव्हे, आणि आपले सभासद शिपाई नव्हेत. तरीही आज्ञापत्रातले दुर्गप्रकरण वाचताना आम्हांला न्यासाच्या वार्षिक सभेची आठवण पुनःपुन्हा झाली. हिशेब एकाकडे, कोठार दुसऱ्याकडे, किल्ल्या तिसऱ्याकडे; मुदतीने माणसे बदलावी, पण सगळी एकदम बदलू नयेत; राखीव पाण्याला एरवी हात लावू नये; दर पंधरवड्याला माल बाहेर काढून ऊन द्यावे. ज्यांनी इतकी वर्षे शिष्यवृत्तीच्या अर्जांची बाडे सांभाळली, औषधांच्या मदतीचा पै-पैचा हिशेब लिहिला, सभेनंतर सतरंज्या झाडून घड्या घातल्या, त्यांनीच ही संस्था राखली. भाषणे करणारे आमच्यासारखे अधूनमधून येतात. मतभेद आपल्यातही झाले, पुढेही होतील. फक्त भांडणात एकमेकांच्या घराला हात लावावयाचा नाही, हा नियम पाळला म्हणजे पुष्कळ झाले.

ह्या वर्षी सहल दोराह्यास न्यावी असे मनात आहे. तेथे पाहण्यासारखे फारसे नाही, असे सहकारी म्हणतात. परंतु पंचवीस वर्षांचा एक तरुण आईला मागे ठेवून जेथून घरी निघाला, ती जागा मुलांना दाखवावी. पुढचे प्रश्न ती आपण होऊन विचारतील.